आद्यभरण, संगणकाचे

आद्यभरण, संगणकाचे : संगणकाच्या रिकाम्या स्मृतीत पहिली आज्ञावली पोहोचविण्याच्या क्रियेस आद्यभरण असे म्हणतात. या पहिल्या छोट्या आज्ञावलीच्या साहाय्याने तिच्याहून मोठी आज्ञावली आणि अखेरीस संगणकाचे सर्व व्यवहार सांभाळणारी कार्यकारी प्रणाली स्मृतीत आणली जाते. व्यवहारात या क्रियेला ‘संगणक बूट करणे’ म्हणतात. बूटस्ट्रॅप म्हणजे बूट ओढून पायात चढविता यावा म्हणून त्याच्या मागील बाजूस शिवलेली पट्टी. स्वतःच्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला जमिनीवरून उचलणे या अशक्य गोष्टीवरून ‘बूटस्ट्रॅप’ ही संज्ञा संगणकशास्त्रात १९५०–६० या दशकात रूढ झाली व पुढे तिचेच ‘बूट’ असे लघुरूप झाले.

आधुनिक संगणकात ही क्रिया कळ दाबल्यावर काही सेकंदांत आपोआप घडते व वापरणाऱ्यास तिची जाणीवही होत नाही. मात्र तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा एखादा संगणक वस्तुसंग्रहालयात किंवा खाजगी संग्रहात पुन्हा चालू करावयाचा असेल, तर आद्यभरणाची प्रत्येक पायरी हाताने चढावी लागते. यंत्राचे सर्व भाग शाबूत असूनही योग्य कार्यकारी प्रणाली त्याच्यापर्यंत पोहोचविता न आल्यामुळे ते निरुपयोगी ठरू शकते. प्रस्तुत नोंदीत आद्यभरणाचे तत्त्व, वेगवेगळ्या काळांतील संगणकांतील त्याच्या पद्धती आणि जुन्या संगणकांवर प्रणाली पुन्हा चढविण्याचे उपाय यांचे विवेचन केले आहे.

मूळ अडचण : बहुतेक अंकीय संगणकांत आज्ञा आणि आधारसामग्री ही दोन्ही एकाच स्मृतीत द्विमान अंकांच्या रूपात ठेवलेली असतात व प्रक्रियक स्मृतीतील आज्ञा एकामागून एक उचलून त्यांप्रमाणे कृती करतो [⟶ संगणक]. स्मृती रिकामी असेल, तर प्रक्रियकाला करण्याजोगे काहीच उरत नाही. कागदी फितीवर किंवा चुंबकी तबकडीवर आज्ञावली तयार असली, तरी ती वाचण्यासाठी फीतवाचक सुरू करणे, एकेक अक्षर घेणे, त्यातील अंक योग्य स्थानी सरकविणे आणि तयार झालेला शब्द स्मृतीच्या योग्य कोशात ठेवणे ही कामे करावी लागतात आणि ती करण्यासाठीही आज्ञावलीच लागते. थोडक्यात, वाचन करणारी आज्ञावली प्रथम कोणीतरी वाचून आत घ्यावी लागते.

या चक्रातून बाहेर पडण्याचे तीन मार्ग आहेत : (१) माणसाने नियंत्रण-फलकावरील स्विचांच्या साहाय्याने पहिल्या आज्ञा थेट स्मृतीत ठेवणे, (२) ठराविक कळ दाबताच माध्यमावरील पहिला थोडासा भाग यंत्राने आपल्या विद्युत् मंडलांच्या साहाय्यानेच स्मृतीत आणणे, आणि (३) पहिली आज्ञावली पुसली न जाणाऱ्या कायम स्मृतीत कोरून ठेवणे. आजवरच्या सर्व पद्धती म्हणजे या तीन मार्गांपैकी एक किंवा त्यांचे मिश्रण होय. तिन्हींमध्ये एक नियम समान आहे. पहिली आज्ञावली आत घालणे सर्वांत कष्टाचे असल्याने ती शक्य तितकी लहान ठेवावी लागते व प्रत्येक पायरीने केवळ पुढच्या पायरीपुरते सामर्थ्य निर्माण करावयाचे असते.

ऐतिहासिक विकास : स्मृतीत साठविलेली आज्ञावली प्रथम यशस्वीपणे चालविणारे यंत्र म्हणजे मँचेस्टर विद्यापीठातील छोटा प्रायोगिक संगणक होय. त्याच्या स्मृतीत ३२ शब्द मावत. २१ जून १९४८ रोजी चालविण्यात आलेली त्याची पहिली आज्ञावली स्विचांनी एकेक अंक मांडून भरण्यात आली होती.

आज्ञावल्या जसजशा मोठ्या होत गेल्या, तसतशी ही रीत अपुरी पडली. केंब्रिज विद्यापीठातील एड्‌सॅक या संगणकावर ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालली. त्याच्यासाठी डेव्हिड व्हीलर यांनी ३१ आज्ञांची एक आद्य-आज्ञावली रचली होती. दूरध्वनी केंद्रात वापरल्या जाणाऱ्या फिरत्या निवडक स्विचांवर ती तारांनी कायमची जोडलेली असे. सुरुवातीची कळ दाबताच ती पाऱ्याच्या नळ्यांच्या विलंब-स्मृतीत उतरे आणि लगेच कागदी फीत वाचू लागे. फितीवर आज्ञा अक्षरे व दशमान अंक यांत लिहिलेल्या असत; त्यांचे द्विमान रूपांतरही हीच आज्ञावली करी. त्याच वर्षी तिची ४१ आज्ञांची सुधारित आवृत्ती तयार झाली. इतक्या थोड्या जागेत भरण आणि रूपांतर ही दोन्ही कामे साधणारी ही रचना आज्ञालेखनाच्या इतिहासात आदर्श मानली जाते.

आय्. बी. एम्. ७०१ (१९५२) या संगणकात दुसरा मार्ग अवलंबिलेला दिसतो. ‘भरण’ कळ दाबली असता छिद्रित कार्ड, चुंबकी फीत किंवा चुंबकी दंडगोल यांपैकी निवडलेल्या साधनावरील पहिला शब्द स्मृतीत येई व त्यातील आज्ञांनी पुढचे शब्द आणले जात. हेच तत्त्व १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आय्. बी. एम्. सिस्टिम/३६० या मालिकेत पक्के झाले. तीत फलकावरील तीन फिरत्या चकत्यांनी साधनाचा क्रमांक निवडून कळ दाबली की, त्या साधनावरील पहिले २४ बाइट स्मृतीच्या आरंभी येत व पुढील वाचन त्यांच्या आधारे होई.

भारतात टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची स्मृती फेराइटाच्या कड्यांची असून तीत २,०४८ शब्द मावत व आज्ञावली छिद्रित कागदी फितीवरून भरली जाई.

स्विचांवरून भरण : आद्यभरणाच्या पायऱ्या सर्वांत स्पष्टपणे दिसतात, त्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीच्या पी. डी. पी.-८ (१९६५) या लघुसंगणकात. याचा शब्द १२ बिटांचा असून मूळ स्मृतीत ४,०९६ शब्द मावत. फलकावर १२ स्विचांची एक रांग असे. आज्ञा अष्टमान पद्धतीने चार अंकांत लिहीत व प्रत्येक अंकासाठी तीन स्विच वापरीत. उदा., ६०३१ ही आज्ञा मांडण्यासाठी स्विच ११० ००० ०११ ००१ असे ठेवावे लागत. प्रथम स्मृतिकोशाचा पत्ता मांडून ‘पत्ता भरा’ ही कळ व नंतर आज्ञा मांडून ‘ठेवा’ ही कळ दाबली की, आज्ञा त्या कोशात जाई व पत्ता आपोआप एकाने वाढे.

या रीतीने प्रथम ‘रिम’ नावाची भरक-आज्ञावली अष्टमान पत्ता ७७५६ पासून भरीत. तिच्यात १६ आज्ञा असत. पहिली आज्ञा (६०३२) फीतवाचकाला पुढील अक्षर वाचण्यास लावी. दुसरी (६०३१) अक्षर आले आहे की नाही ते पाही व आले असल्यास लगतची एक आज्ञा ओलांडी. तिसरी (५३५७) नियंत्रण पुन्हा दुसऱ्या आज्ञेकडे नेई. अक्षर येईपर्यंत यंत्र या दोन आज्ञांमध्ये फेऱ्या मारीत राही. उरलेल्या आज्ञा आलेल्या अक्षरातील बिट सरकवून शब्द जुळविणे व तो योग्य कोशात ठेवणे ही कामे करीत. एकूण १९२ स्विच-स्थानांपैकी एखादे जरी चुकले, तरी फीत पुढे सरके, पण स्मृतीत भलतेच काही जाई. म्हणून सुरू करण्यापूर्वी प्रत्येक कोशातील आशय फलकावरील दिव्यांवर पाहून पडताळीत.

रिम पद्धतीच्या फितीवर प्रत्येक शब्दाआधी त्याचा पत्ता छिद्रित केलेला असे. फितीच्या एका ओळीत आशयाचे सहा बिट मावत असल्याने पत्त्याला दोन व शब्दाला दोन अशा चार ओळी खर्ची पडत. ही उधळपट्टी हेतुपुरस्सर होती. कारण पत्ता प्रत्येक वेळी आयता मिळत असल्याने भरक-आज्ञावलीला हिशेब ठेवावा लागत नसे आणि ती १६ आज्ञांत बसे. माणसाच्या हाताचे श्रम वाचविण्यासाठी फितीची लांबी वाढविली होती. या भरकाने पहिली फीत वाचावयाची, ती ‘बिन’ नावाच्या दुसऱ्या, अधिक समर्थ भरकाची. बिन पद्धतीत पत्ता केवळ आरंभी देऊन पुढचे शब्द ओळीने ठेवीत. त्यामुळे एका शब्दाला दोनच ओळी लागत व शेवटी पडताळ्याची बेरीज असे. बेरीज जुळली, तर यंत्र थांबताना संचायक नोंदकात शून्य दिसे. अन्य कोणतीही संख्या दिसल्यास वाचन चुकले असे समजत.

या यंत्रास बहुधा जोडल्या जाणाऱ्या ए. एस्. आर्.-३३ या दूरमुद्रकाचा फीतवाचक सेकंदाला १० ओळी वाची. म्हणजे ४,०९६ शब्दांची पूर्ण स्मृती बिन पद्धतीने भरण्यास सुमारे साडेतेरा मिनिटे आणि रिम पद्धतीने भरण्यास सुमारे सत्तावीस मिनिटे लागत. फेराइट कड्यांची स्मृती वीजपुरवठा बंद झाल्यावरही आशय टिकवून ठेवते. म्हणून दोन्ही भरक स्मृतीच्या अखेरच्या भागात ठेवून इतर आज्ञावल्यांनी त्या भागास हात लावू नये, असा संकेत होता. तो पाळला गेला, तर स्विचांवरून पुन्हा भरण करण्याची वेळ क्वचितच येई.

अर्धसंवाहक स्मृतीचा प्रसार झाल्यावर ही सोय गेली. कारण तिच्यातील आशय वीज जाताच नष्ट होतो. अल्बुकर्क येथील एम्. आय्. टी. एस्. या कंपनीचा अल्टेअर ८८०० (१९७५) हा सूक्ष्मसंगणक मुळात अवघ्या २५६ बाइट स्मृतीसह मिळे व प्रत्येक वेळी चालू केल्यावर त्याचा भरक स्विचांवरून नव्याने मांडावा लागे. या संगणकासाठी बिल गेट्स व पॉल ॲलन यांनी बेसिक भाषेचा अर्थबोधक लिहिला होता. तो दाखविण्यासाठी ॲलन १९७५ मध्ये अल्बुकर्कला विमानाने निघाले, तेव्हा फीत वाचणारा भरकच लिहावयाचा राहिला असल्याचे प्रवासात त्यांच्या ध्यानी आले आणि तो त्यांनी विमानातच यांत्रिक भाषेत लिहून काढला. हा छोटा भरक नसता, तर मोठी आज्ञावली फितीवरच राहिली असती.

कायम स्मृतीतील भरक : स्विचांच्या कष्टातून सुटका झाली, ती फक्त वाचता येणाऱ्या कायम स्मृतीमुळे. हिला रॉम असे म्हणतात. पी. डी. पी.-११ (१९७०) या संगणकासाठी डायोडांच्या जाळीची ३२ शब्दांची अशी स्मृती मिळे. तीत डायोड असणे वा नसणे यावरून शून्य किंवा एक ठरे. पुढे संकलित मंडलांमुळे रॉम स्वस्त झाली आणि घरगुती संगणकांत संपूर्ण कार्यकारी प्रणालीच तीत बसविण्यात येऊ लागली. ॲकॉर्न कंपनीचा बी. बी. सी. मायक्रो (१९८१) हा याचा ठळक नमुना होय. भारतात १९८४ मध्ये शालेय संगणक-साक्षरतेसाठी सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पात हाच संगणक वापरण्यात आला. त्याची कार्यकारी प्रणाली व बेसिक भाषा ही दोन्ही रॉममध्ये असल्याने कळ दाबताच तो वापरास सिद्ध होई.

ज्या संगणकांत प्रणाली चुंबकी तबकडीवर असते, त्यांत रॉमचे काम पहिली पायरी चढविण्यापुरते असते. ॲपल २ संगणकाच्या डिस्क २ (१९७८) या तबकडी-चालकाच्या नियंत्रक फळीवर २५६ बाइटांची रॉम असून ती तबकडीच्या पहिल्या मार्गावरील पहिला खंड वाचते. पुढचे वाचन त्या खंडातील आज्ञा करतात. आय्. बी. एम्. वैयक्तिक संगणकात (१९८१) रॉममधील आज्ञावली तबकडीचा पहिला ५१२ बाइटांचा खंड स्मृतीत आणून त्याच्याकडे नियंत्रण सोपविते. ॲपल मॅकिंटॉश क्लासिक (१९९०) या संगणकाच्या रॉममध्ये तर सिस्टिम ६.०.३ ही छोटी प्रणालीच ठेवलेली असून, सुरू करताना ‘कमांड’, ‘ऑप्शन’, ‘एक्स’ व ‘ओ’ या चार कळा एकत्र दाबून धरल्यास तो कोणत्याही तबकडीविना कार्यान्वित होतो.

तबकडीवरील प्रणालीचे स्थान : तबकडीवर प्रणालीच्या फाइली असणे आणि तबकडी आद्यभरणास योग्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये तयार केलेल्या सी. पी./एम्. या प्रणालीत हा भेद स्पष्ट दिसतो. तिच्या प्रमाणभूत आठ इंची तबकडीवर ७७ मार्ग, प्रत्येक मार्गावर २६ खंड व प्रत्येक खंडात १२८ बाइट असत. पहिले दोन मार्ग प्रणालीसाठी राखीव असून त्यांतील पहिल्या खंडात भरक असे. हे मार्ग फाइलींच्या सूचीत दिसत नाहीत. त्यामुळे साऱ्या फाइलींची नक्कल केली, तरी नवी तबकडी बूट होत नाही. राखीव मार्गांवर प्रणाली लिहिण्यासाठी ‘सिसजेन’ ही स्वतंत्र आज्ञावली वापरावी लागते. एम्. एस्.-डॉस प्रणालीत हेच काम ‘सिस’ ही आज्ञा करते.

याशिवाय सी. पी./एम्. मधील यंत्राशी थेट संबंध असलेला भाग प्रत्येक संगणकासाठी वेगळा लिहावा लागे. म्हणून एका कंपनीच्या संगणकाची प्रणाली-तबकडी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर सहसा चालत नाही. जुन्या संगणकासाठी प्रणाली शोधताना केवळ तिचे नाव पुरेसे नसते; ती नेमक्या त्याच यंत्राची असावी लागते. आवृत्तीही स्मृतीच्या मानाने निवडावी लागते. उदा., १९९१ मध्ये आलेल्या सिस्टिम ७ या मॅकिंटॉश प्रणालीस किमान २ मेगाबाइट स्मृती लागते, तर १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये ती १२८ किलोबाइट होती.

जुन्या संगणकावर प्रणाली चढविणे : उत्पादकाने दिलेल्या तबकड्या कालांतराने हरवतात किंवा खराब होतात. अशा वेळी प्रणालीची प्रत अन्य ठिकाणाहून मिळवून ती जुन्या यंत्रापर्यंत न्यावी लागते. संपूर्ण तबकडीवरील आशयाची क्रमवार नोंद करणाऱ्या फाइलीस तबकडी-प्रतिमा म्हणतात व आज जुन्या प्रणाली बहुधा याच रूपात जतन केलेल्या असतात. अडचण असते, ती ही प्रतिमा पुन्हा तबकडीवर उतरविण्याची.

पूर्वतयारी : अनेक वर्षे बंद असलेले यंत्र एकदम विजेला जोडणे धोक्याचे असते. विद्युत् विश्लेषी धारित्रांतील द्रव गळून तांब्याचे मार्ग कुरतडले गेलेले असतात. घड्याळासाठी बसविलेल्या विद्युत् घटाचेही तसेच होते. म्हणून घट काढून टाकणे, वीजपुरवठ्याचे दाब स्वतंत्रपणे मोजणे व तबकडी-चालकाचे वाचन-शीर्ष आयसोप्रोपिल अल्कोहॉलने पुसणे ही कामे आधी उरकावी लागतात. मूळ तबकडी उपलब्ध असल्यास तिचे लेखन-संरक्षण केल्याविना ती चालकात घालू नये. याबाबत एक फसवी विसंगती आहे. सव्वापाच इंची तबकडीच्या कडेची खाच झाकली असता लेखन बंद होते. आठ इंची तबकडीत मात्र खाच उघडी असता लेखन बंद होते व झाकली असता चालू होते.

माध्यमांतील विसंगती : आधुनिक संगणकास जोडलेला फ्लॉपी-चालक जुन्या यंत्राची तबकडी लिहू शकेलच, असे नाही. आय्. बी. एम्. वैयक्तिक संगणकाच्या परंपरेतील नियंत्रक ज्या संकेतन-पद्धतीने बिटांचे चुंबकी स्पंदांत रूपांतर करतात, तिच्याहून ॲपल २ ची पद्धत सर्वस्वी भिन्न आहे. पहिल्या मॅकिंटॉशची ४०० किलोबाइटांची तबकडी तर बाहेरच्या मार्गांवर हळू व आतील मार्गांवर वेगाने फिरते. त्यामुळे बाहेरच्या मार्गांवर १२ व आतील मार्गांवर ८ खंड मावतात. एकाच गतीने फिरणारा सामान्य चालक असा मार्ग लिहू शकत नाही.

सारख्या दिसणाऱ्या चालकांतही भेद असतो. सव्वापाच इंची १.२ मेगाबाइट चालकाचे शीर्ष ३६० किलोबाइट चालकाच्या शीर्षाहून सुमारे निम्म्या रुंदीचे असते. जुन्या चालकाने लिहिलेल्या तबकडीवर नव्या चालकाने पुन्हा लिहिले, तर जुन्या रुंद मार्गाच्या कडा तशाच राहतात आणि जुना चालक दोन्ही आशय एकदम वाचून गोंधळतो. यावर उपाय म्हणजे कोरी किंवा चुंबकाने पूर्णपणे पुसलेली तबकडी घेणे हा होय. तसेच उच्च घनतेच्या तबकडीवरील चुंबकी लेप वेगळ्या गुणधर्मांचा असल्याने ती जुन्या चालकात भरवशाची ठरत नाही.

सेतु-संगणक : दोन पिढ्यांच्या सीमेवरचा एखादा संगणक पुष्कळदा या कामी उपयोगी पडतो. १९८८ पासून मॅकिंटॉशमध्ये आलेला १.४४ मेगाबाइट चालक इतर संगणकांच्या तबकड्या वाचतो आणि जुन्या ८०० किलोबाइट तबकड्या लिहूही शकतो. अशा यंत्रावर प्रणाली नेऊन तेथे जुन्या यंत्रासाठी तबकडी तयार करतात. मात्र मॅकिंटॉशच्या फाइलीस दोन शाखा असतात. परकी तबकडी किंवा परकी प्रणाली यांमधून जाताना त्यांतील एक शाखा गळून पडते व आज्ञावली चालेनाशी होते. म्हणून दोन्ही शाखा एका साध्या फाइलीत गुंडाळूनच ती पाठवितात.

तार व ध्वनी यांचे मार्ग : सेतु-संगणक नसल्यास जुन्या यंत्राच्या कोणत्या तरी द्वारातून प्रणाली आत घ्यावी लागते. ॲपल २ मध्ये क्रमिक संदेशवहनाची फळी बसविलेली असेल, तर एका आज्ञेने कळफलकाऐवजी त्या फळीकडून येणारी अक्षरे स्वीकारण्यास त्यास सांगता येते. मग आधुनिक संगणक तारेवरून एक छोटी आज्ञावली जणू कळफलकावर टंकित केल्याप्रमाणे पाठवितो. ती मोठी आज्ञावली घेते आणि ती मोठी आज्ञावली संपूर्ण तबकडी-प्रतिमा घेऊन कोऱ्या तबकडीवर लिहिते. अशी फळी नसेल, तर ॲपल २, २ प्लस व २ ई या प्रतिमानांवरील कॅसेट-द्वाराचा उपयोग होतो. त्या काळी ध्वनिफितीवर आज्ञावल्या साठवीत; आता त्याच द्वारात आधुनिक यंत्रातून ध्वनी सोडून आज्ञावली भरता येते.

सी. पी./एम्. यंत्रांत प्रथम षोडशमान अंक व पडताळ्याची बेरीज यांसह साध्या अक्षरांत लिहिलेली फाइल तारेने आत घेतात व तिच्यापासून चालू शकणारी आज्ञावली बनवितात. बहुधा ही पहिली आज्ञावली म्हणजे वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये आखलेल्या एक्समोडेम संकेताप्रमाणे चालणारी असते. या संकेतात १२८ बाइटांचे गट पडताळ्यासह पाठविले जातात व चुकलेला गट पुन्हा मागविला जातो. कच्च्या मार्गाने एक लहान साधन आणावयाचे व त्या साधनाने पक्का मार्ग तयार करावयाचा, हा पी. डी. पी.-८ मधील रिम व बिन यांचाच क्रम येथेही आढळतो.

अनुकरणी चालक : जुन्या चालकाच्या तारा एका छोट्या इलेक्ट्रॉनीय फळीस जोडून ती फळी चालकाचे अनुकरण करील, अशी साधनेही आता वापरली जातात. ती स्मृतिपत्रावरील तबकडी-प्रतिमा वाचून खऱ्या तबकडीवरून यावेत तसे स्पंद पाठवितात. यांमुळे झिजलेल्या यांत्रिक भागांवरील भार टळतो. मात्र प्रतिमा त्याच यंत्राच्या मार्ग-खंड रचनेची असावी लागते.

जतनाचा प्रश्न : चुंबकी तबकडीवरील लेप कालांतराने सुटतो, दमट हवेत त्यावर बुरशी चढते आणि खराब तबकडी फिरवली असता लेप खरवडून निघून उरलेला आशयही जातो. म्हणून अशा तबकडीवरील चुंबकी बदलांची कालनोंद एकाच वाचनात करून ठेवतात व तिचा अर्थ नंतर लावतात. या बाबतीत जुनी कागदी फीत अधिक टिकाऊ ठरली आहे. तिची छिद्रे डोळ्यांनीही वाचता येतात.

मूळ आज्ञावली प्रसिद्ध करण्यास संबंधित कंपन्यांनी अनुमती दिल्याची उदाहरणेही आहेत. अमेरिकेतील संगणक-इतिहास संग्रहालयाने ॲपल २ च्या डॉस प्रणालीची मूळ आज्ञावली २०१३ मध्ये व एम्. एस्.-डॉसच्या आरंभीच्या आवृत्त्यांची २०१४ मध्ये उपलब्ध करून दिली. मायक्रोसॉफ्टने यांपैकी एम्. एस्.-डॉसच्या आवृत्त्या २०१८ मध्ये मुक्त परवान्याखाली पुन्हा प्रसिद्ध केल्या व २०२४ मध्ये चौथी आवृत्ती खुली केली. यंत्रांची पुनर्बांधणीही झाली आहे. मँचेस्टरच्या पहिल्या संगणकाची चालती प्रतिकृती १९९८ मध्ये पूर्ण झाली आणि एड्‌सॅकची पुनर्बांधणी ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणन संग्रहालयात हाती घेण्यात आली.

मराठी वाचकांच्या दृष्टीने या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. वैयक्तिक संगणकावर भारतीय लिप्या उमटविण्यासाठी कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत आरंभ झालेले ‘जिस्ट’ तंत्र पुढे पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (स्थापना १९८८) विकसित केले. त्यासाठी संगणकात एक स्वतंत्र फळी बसवावी लागे व मजकूर ‘इस्की’ या भारतीय संकेतात साठविला जाई. १९९१ मध्ये या संकेताला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. प्रमाणित संकेतातील असा मजकूर आज युनिकोडमध्ये रूपांतरित करता येतो. पण ज्या आज्ञावल्यांनी आपापले खाजगी अक्षरसंकेत वापरले, त्यांच्या फाइली मूळ आज्ञावलीशिवाय नीट उलगडत नाहीत. मूळ आज्ञावली चालविण्यास तिची प्रणाली लागते आणि प्रणालीसाठी तिला चालविणारे यंत्र किंवा त्याचे विश्वसनीय अनुकरण लागते. या साखळीतील एक कडी तुटली, तर मजकूर तबकडीवर असूनही वाचकास दुरावतो.

जुन्या संगणकाच्या जतनात यंत्र, प्रणाली आणि पुस्तिका या तिहींस सारखेच महत्त्व आहे. स्विच कसे ठेवावेत, कोणत्या कळा दाबाव्यात, पहिला खंड कोठे असतो, ही माहिती बहुधा पुस्तिकेच्या एखाद्या पानावर असते आणि अडगळ म्हणून सर्वांत आधी टाकले जाते, ते हेच पान. पी. डी. पी.-८ च्या सोळा आज्ञा छापील स्वरूपात टिकून राहिल्या, म्हणूनच साठ वर्षांपूर्वीचे ते यंत्र आजही कोणालाही हाताने चालू करता येते.